पायाच्या अंगठ्यांचा काळा दोरा

इंदुताईंच्या मते गावात अक्कल असलेलं एकच माणूस होतं, आणि ते रोज सकाळी त्यांच्याच आरशात दिसायचं. सरपंच बिनडोक, मास्तर आळशी, शेजारची केसरबाई हावरट, सून दिव्यानी फोनची गुलाम. मुलगा विक्की कोरपन्याकडच्या सिमेंटच्या कारखान्यात धूळ खातो आणि सुटीवर आला की बायकोच्या मागे मागे फिरतो. राहिले नवरोबा दादाजी. त्यांच्याबद्दल इंदुताई फारसं बोलायच्या नाहीत. नुसतं नाक मुरडायच्या, त्यात सगळं यायचं.

हा तोरा उगाच नव्हता. इंदुताई बेंबी बसवायच्या. पोटात कळ आली, मळमळलं, भूक मेली, की गोंडपिपरीच्या आजूबाजूच्या गावांतली माणसं म्हणायची, बेंबी सरकली. बेंबीवर बोटं दाबली की आत ठोके लागतात. ते मधोमध लागले तर बेंबी जागेवर, बाजूला लागले तर सरकलेली, असा साधा हिशेब. खरं तर तो ठोका पोटातून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा असतो आणि ती रक्तवाहिनी जन्मभर कुठेही जात नाही. जातो तो पोटातला गॅस. श्रेय मात्र बेंबी बसवणाऱ्याला मिळतं.

इंदुताई रोग्याला उताणं झोपवायच्या, पाचही बोटं जुळवून पोटात रोवायच्या आणि डोळे मिटायच्या. मग तेल लावून चोळायच्या. पोटावर पणती पेटवून वर तांब्या उपडा घालायच्या, आणि तांब्या कातडी ओढून घट्ट चिकटला की बघायला जमलेल्या बायका गप्प व्हायच्या. शेवटी दोन्ही पायांच्या अंगठ्यांना काळा दोरा. दोरा असेपर्यंत रोग्याने उताणंच पडायचं, उशी घ्यायची नाही, पाय जमिनीला लावायचा नाही. बांधणाऱ्याने पोट पुन्हा चाचपून "बसली" म्हटलं की मगच दोरा सुटायचा, आणि सोडायचाही त्याच हाताने.

या कामाचं त्या काही घ्यायच्या नाहीत. नारळसुद्धा नाही. फक्त निघताना रोग्याने चार माणसांदेखत म्हणायचं, "बाई, तुमच्या हातानं बसली." एकदा एक तलाठी हे न म्हणताच मोटरसायकलवर बसला, तर इंदुताईंनी त्याला पानठेल्यापासून परत बोलावलं होतं.

त्या वर्षी धान कापून झालं होतं. खळ्यावर भाऱ्यांचे पुंजणे रचलेले होते आणि रानडुकरं त्यांच्या वासावर टपलेली होती. दादाजी राखणीला खळ्यावर झोपायचे. धुकं असं पडायचं की पांघरूण पिळावं. चार रात्री झाल्या नाहीत तोच ते खोकत घरी आले. अंगात ताप, उजव्या बरगडीत चमक, थुंकीला गंजासारखा रंग. बाजेवर टेकले आणि छातीच्या खाली, पोटाच्या खळग्यावर हात ठेवून म्हणाले, "विक्कीची माय, इथी पाखरू बसल्यावानी झालं. फडफडून राह्यलं."

"थंडीत बिड्या ओढत बसलं तर पाखरूच येईन," इंदुताई म्हणाल्या. "तुमच्या पोटात वाघ थोडीच येते! त्याले काही इज्जत हाये."

दादाजी हसले. हसता हसता खोकला आला तो थांबेचना.

केसरबाई दही मागायला आली होती. दही तिच्या घरी असायचं, पण बातमी नसायची. ती बाजेच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "बेंबीच असन, इंदूबाई. साऱ्या गावाची बसवते, आता घरची पाह्य."

इंदुताईंनी दादाजींना झोपवलं, बोटं जुळवली, पोटात रोवली.

ठोका मधोमध होता. सरळ बोटांखाली, एक तीळभर इकडे नाही की तिकडे नाही. पण त्याची चाल भलतीच होती. दोन ठोके लगबगीने आले, मग एक उशिरा, मग तीन-चार एकमेकांना ढकलत, मग काहीच नाही, मग पुन्हा धावपळ. इतक्या पोटांवर हात फिरवला होता, असा ठोका त्यांनी कधी पाहिला नव्हता.

तेव्हाच "जागेवर हाये" म्हणता आलं असतं. पण बेंबी जागेवर असेल तर दुखणं दुसरं काहीतरी आहे. दुखणं दुसरं असेल तर दवाखाना. आणि दवाखाना म्हणजे केसरबाई संध्याकाळी बोअरवेलवर हंडा खाली ठेवून सांगणार, की बेंबी बसवणारीचा नवरा गाडीत घालून गोंडपिपरीला नेला. बाया तोंडाला पदर लावून हसणार. इंदुताईंनी केसरबाईकडे पाहिलं. ती आत्ताच हसायच्या तयारीत दिसत होती.

"डावीकडं गेली," इंदुताई म्हणाल्या.

चोळून झालं, पणती झाली, तांब्या झाला. अंगठ्यांना दोरा बांधला. "आता उताणं पडायचं. हलायचं नाई."

दादाजी हलले नाहीत. त्यांनी आयुष्यात बायकोचं एक वाक्य मोडलं नव्हतं. सासऱ्याने शेताची वाटणी केली तेव्हा खडकाळ बांधी त्यांच्या वाट्याला आली, तेव्हाही इंदुताई म्हणाल्या, "घ्या, दुसरी मागाल तर तीही हातची जाईन," आणि त्यांनी घेतली. इंदुताईंना या गोष्टीचा राग यायचा. वळवायला काही जोरच लागत नाही, असल्या माणसाला वळवण्यात काय शान!

पण शरीर बायकोचं ऐकत नव्हतं. उताणं पडलं की दादाजींचा श्वास गळ्यातच अडकायचा. छातीत कुणीतरी ओलं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. थोड्या वेळाने ते कोपरावर उठायचे, भिंतीला पाठ लावायचे आणि तोंड उघडून हवा ओढायचे. इंदुताई आत यायच्या आणि खांदे धरून पुन्हा आडवं करायच्या.

"असे उठबस कराल तर बसलेली बेंबी पुन्हा सरकन."

"दम लागते वो."

"लहान पोरं ऐकतात माझं. तुमी पोरापेक्षा गेलेले."

दुसऱ्या दिवशी दिव्यानीने गोधड्यांची घडी करून सासऱ्याच्या पाठीखाली सरकवली. इंदुताईंनी ती ओढून काढली. दिव्यानीने पुन्हा सरकवली.

"आई, बसलं की त्यांना बरं वाटते. दिसून राह्यलं ना तुमाले?"

"तू बारावी शिकली. डाक्टर कधी झाली?"

"मी डाक्टर नाई. मले डोळे आहेत फक्त. बाबाचे ओठ पाहा कसे झाले."

"बिडीनं झाले ते. लग्नातही तसेच होते."

दिव्यानीने वाद घातला नाही. तिने तिच्या त्या तुच्छ फोनवरून उपकेंद्रातल्या हर्षाला बोलावलं. हर्षा शेजारच्या गावची, उपकेंद्राची आरोग्य अधिकारी. लोक तिला सिस्टर म्हणायचे, इंदुताई "ती पोरगी" म्हणायच्या. बौद्ध मोहल्ल्यातली, नर्सिंग शिकलेली, स्कूटीवर फिरणारी. या तीन गोष्टींपैकी नेमकी कोणती आपल्याला जास्त खटकते, हे इंदुताईंनी कधी स्वतःशीही ठरवलं नव्हतं. माणसाला एकदा खालचं ठरवलं की कारण शोधायची गरज पडत नाही.

हर्षाने दादाजींच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं, मनगट धरलं, पाठीला नळी लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. अंगणात बायका गोळा झाल्या होत्या.

"बोटाले चिमटा लावून रोग कळते म्हणते," इंदुताई त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उद्या शेपटीले लावाल तर बैलाचाही कळन."

बायका हसल्या. हर्षा हसली नाही.

"ऑक्सिजन चौऱ्याऐंशी हाये, बाई. पंचाण्णवच्या वर पाह्यजे. उजव्या फुफ्फुसात निमोनिया वाटून राह्यला. अन् नाडीचा काही मेळ नाई. कधी धावते, कधी चुकते. मी एकशे आठले फोन केला. चंद्रपूरले न्यावं लागन."

"नाडीचं मले नको शिकवू. तुह्या मायची बेंबी याच हातानं बसवली हाये म्या."

"हो ना," हर्षा म्हणाली. "अन् चार दिवसांनी मायचं अपेंडिक्स फुटलं. टाक्यांचा वण अजून हाये, पाह्यचा का?"

अंगणातलं हसू बंद झालं. ते बंद होण्याचा आवाज इंदुताईंना नीट ऐकू आला. केसरबाईने मान लांब करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा माणूस स्ट्रेचर घेऊन आत शिरले. आणि तेव्हा जे व्हायचं नव्हतं ते झालं. दादाजींनी बाजेची कड धरली.

"मी नाई येत."

"बाबा!" दिव्यानी म्हणाली.

"दोरा बांधून हाये." एकेका शब्दामागे ते थांबत होते. "दोरा असल्यावर... पाय हलवायचा नाई. बसली म्हणन... मग सोडन ती. मग येतो."

ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. "बाबाजी, दोरा आम्ही कापतो ना."

"हात नको लावू," दादाजी म्हणाले. त्यांचा इतका कडक आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. त्याची किंमत मग त्यांना बराच वेळ खोकून मोजावी लागली. खोकला ओसरल्यावर ते इंदुताईंना नाही, हर्षाला म्हणाले, समजावल्यासारखं, "पोरी, आता तिच्याच नवऱ्यानं तिचा दोरा मोडला... तर उद्या तिच्याजवळ कोण येईन?"

इंदुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ओठ जांभळे, गळ्याची शीर थडथडते आहे, नाकपुड्या फुलून राहिल्या आहेत, आणि हा माणूस आपलं नाव राखायला आडवा पडून आहे. असला मूर्खपणा! एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला हजारदा मनात मूर्ख म्हटलं होतं, पण तो या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. आणि या मूर्खाला हे शिकवलं कुणी?

आता रस्ते दोनच होते. पोट चाचपून "बसली" म्हणायचं आणि दोरा सोडायचा. मग केसरबाई विचारणार, बसली तर नेता काऊन? आणि दादाजी खुशीत म्हणणार, बसली ना, मग कशाले जायचं. ते नक्की असंच म्हणणार, त्यात शंका नव्हती. किंवा मग दुसरं.

त्या बाजेजवळ खाली बसल्या. नियमाप्रमाणे बोटं जुळवून पोटावर ठेवली. ठोका तिथेच होता, मधोमध. पहिल्या दिवसापेक्षा जास्त पळत होता आणि जास्त अडखळत होता.

"बसली का?" दादाजींनी विचारलं.

"सरकलीच नव्हती," इंदुताई म्हणाल्या.

"पह्यल्या दिवशीच जागेवर होती. मले बोटाले लागलं होतं. म्या खोटं सांगितलं." त्यांनी दोरा सोडायचा प्रयत्न केला, पण गाठ त्यांचीच होती आणि पक्की होती. मग खाली वाकून त्यांनी ती दातांनी तोडली. "झालं. आता पाय हलवा, नाचा, काय करायचं ते करा. अन् तुमी साऱ्या तोंडं काय पाहता? सिनेमा लागला का इथी? सरका, रस्ता द्या."

केसरबाई सर्वात आधी सरकली. तिला बोअरवेलवर जायची घाई होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात इंदुताईंचा तिरस्कार पुन्हा ताजा झाला. फरशी मळकी, पंखा करकरणारा, आया उद्धट. डॉक्टर तर विक्कीपेक्षाही लहान, मिशी नीट फुटलेली नाही. त्याने दादाजींच्या छातीला वायरी चिकटवल्या आणि यंत्रातून लांबच लांब कागद निघाला. इंदुताईंनी तो पाहिला. कोंबडी मातीत पाय घासत गेल्यासारख्या रेघा.

"यातलं तुले कळते?" त्यांनी विचारलं.

"कळतं, आजी. हे बघा, या टोकांमधलं अंतर कुठेच सारखं नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरताहेत. त्यामुळे ठोका कसाही पडतो."

"अन् खोकला तर छातीत हाये. फुफ्फुस बिघडलं तर काळजानं काऊन नाचावं? त्याचं काय गेलं?"

डॉक्टर थकलेला होता, पण प्रश्नाने थोडा जागा झाला. त्याने स्टूल ओढलं. "फुफ्फुसात जंतूंनी घर केलंय. रक्तात ऑक्सिजन कमी पोचतो, ताप असतो, जंतूंशी लढताना सगळ्या अंगात दाह होतो. तो ताण हृदयावर पडतो. तरुण माणूस बहुतेक वेळा निभावून नेतो. म्हाताऱ्यांमध्ये पुष्कळदा हृदयाची लय सुटते. माणसाला छातीत फडफड होते, किंवा पोटात काहीतरी उडतंय असं वाटतं. घरच्यांना वाटतं गॅस आहे. आणि थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गाठ झाली आणि ती मेंदूत गेली, तर लकवा."

"मंग आता?"

"ऑक्सिजन लावलाय. जंतूंसाठी औषध, ठोका आवरायला औषध, गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध. फुफ्फुस निवळलं की लयही बहुतेक परत येईल. बघू." त्याने खाटेची डोक्याकडची बाजू वर उचलली. "यांना कुणी सपाट झोपवून ठेवलं होतं का? श्वास जास्तच कोंडलाय."

दादाजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मीच झोपलो होतो, साहेब. मलेच तसं बरं वाटे."

"मास्क लावा," इंदुताई म्हणाल्या. "मरायले टेकले तरी खोटं धड बोलता येत नाई. म्या झोपवलं होतं, डाक्टर. उठून बसले की खांदे धरून पाडत होती म्या. लिहून घे तुह्या कागदावर."

डॉक्टरने लिहून घेतलं नाही. त्याला दुसऱ्या खाटेवरून हाक आली.

ते दिवस इंदुताईंनी वॉर्डातल्या एका लोखंडी स्टुलावर काढले. खाटेच्या वर यंत्राचा एक पडदा होता, त्यावर हिरवी रेघ उड्या मारत जायची. दिव्यानी डबा आणायची, विक्की सुटी काढून आला होता. इंदुताई दोघांशीही भांडल्या, डब्यात मीठ कमी म्हणून आणि विक्कीने दाढी केली नाही म्हणून. पण डोळा रेघेवरून हलला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने सहानुभूतीने विचारलं, "काय झालं वो तुमच्या मालकाले?" इंदुताई म्हणाल्या, "बायको चुकीची भेटली," आणि तिने पुढे विचारलं नाही.

एका सकाळी रेघेच्या उड्या सारख्या अंतराने पडायला लागल्या. इंदुताईंना आधी वाटलं, यंत्र बिघडलं. मग डॉक्टर आला, नवा कागद काढला, नाडी धरली आणि म्हणाला, "आली लय परत. छातीही बरीच मोकळी झालीय. पण आजोबा, औषधं मनाने बंद करायची नाहीत. हे पुन्हा होऊ शकतं. आणि बिडी संपली, कळलं?"

दादाजी उशीला टेकून बसले होते. त्यांनी वॉर्डातल्या माणसांकडे एकदा पाहिलं. चार तर सहज होती. मग हात जोडून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "डाक्टर साहेब, तुमच्या हातानं बसली."

डॉक्टरला काही समजलं नाही. विक्कीने मान खाली घातली. दिव्यानीने घाबरून सासूकडे पाहिलं.

इंदुताईंच्या कानांपर्यंत काहीतरी तापत गेलं. हे वाक्य त्यांचं होतं. त्यांनी ते माणसामाणसाकडून वसूल केलं होतं, आणि आज त्यांचाच नवरा ते या मिशी न फुटलेल्या पोराच्या हवाली करत होता. बरं, त्यात लबाडी नव्हती. एवढा मोठा माणूस, अंगात काय झालं होतं हे अजूनही त्याला कळलेलं नव्हतं. सरकलीच नव्हती हे कानांनी ऐकूनही, बेंबीच बसली असंच तो समजून चालला होता.

"बेंबी नाई म्हणावं," त्या खेकसल्या. "काळीज! दुसऱ्याचं नाव घ्यायचं तर निदान काय बसलं ते तरी नीट सांगा."

दादाजींनी विचार केला. "साहेब, काळीज बसलं तुमच्या हातानं."

"आता बरोबर," इंदुताई म्हणाल्या आणि स्टूल भिंतीकडे फिरवून बसल्या.

घरी आल्यावर आठ दिवसही झाले नव्हते, तोच केसरबाई पोट धरून आली. मागे दोन बायका होत्या, त्यांचं पोट दुखत नव्हतं, त्या नुसत्या बघायला आल्या होत्या. ओसरीवर दादाजी उन्हात बसले होते आणि हर्षा त्यांचं मनगट धरून घड्याळ बघत होती. तिचं येणं आता रोजचंच होतं. इंदुताई तिला अजून "ती पोरगी" म्हणायच्या, पण चहा ठेवायच्या.

"इंदूबाई, पाह्य वो. सरकली वाटते," केसरबाई कण्हत म्हणाली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून हर्षाकडे पाहून घेतलं.

इंदुताईंनी तिला ओसरीवर झोपवलं, बोटं जुळवली, पोटात रोवली, डोळे मिटले. बायका पुढे झुकल्या.

"जागेवर हाये."

"असं कसं? मले तर कळ येऊन राह्यली."

"काल लग्नात काय खाल्लं ते आठव. नाई आठवलं तर त्या पोरीले दाखव, बसली हाये इथीच. घे, उठ."

केसरबाईला हे लागलं. ती पदर सावरत उठली, कण्हत उताणी पडली होती त्यापेक्षा बऱ्याच चपळाईने. "काऊन वो, हातातली कला गेली का आता?"

"हात तोच हाये," इंदुताई म्हणाल्या. "पह्यलेही त्याले खरं तेच लागे." आणि चहा उतू चालला म्हणून आत गेल्या.